गोणपाटाच्या माहेरी कॅरीबॅग

आजचा विषय पिशवीचा, पण सुरुवात किल्ल्यापासून. कोलकात्याचा फोर्ट विल्यम, म्हणजे लष्कराच्या पूर्व विभागाचं मुख्यालय. अलीकडे त्याचं नाव ‘विजय दुर्ग’ झालं, आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून. किल्ल्याच्या एका अंगाला हुगळी नदी. तिच्या काठाने वर गेलं की तागाच्या गिरण्या लागतात. पहिली १८५५ साली रिश्र्याला सुरू झाली. म्हणजे हे गोणपाटाचं माहेर. तरी इथल्या बाजारातही भाजीबरोबर पातळ कॅरीबॅग हातात येते. असं का?

आपल्याकडे प्लास्टिक पिशवीचे नियम जाडीवर चालतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १९९९ मध्ये किमान जाडी २० मायक्रॉन होती. २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, सप्टेंबर २०२१ अखेरीस ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. आता तुम्ही विचाराल, जाड पिशवीत तर प्लास्टिक जास्त, मग फायदा काय? फायदा असा, की कचरावेचकाला पैसे वजनावर मिळतात. पातळ पिशव्या दिवसभर वेचल्या तरी किलोभर भरत नाहीत, म्हणून त्या तशाच पडून राहतात आणि गटारात जातात. जाड पिशवी उचलली जाते. शिवाय ती महाग, त्यामुळे दुकानदार फुकट देताना हात आखडतो.

गटार तुंबलं की काय होतं, हे मुंबईकरांना २६ जुलै २००५ नंतर सांगायला नको. पलीकडे बांगलादेशाने पुरांचा अनुभव घेऊन २००२ मध्ये पातळ पिशव्यांवर देशभर बंदी घातली. महाराष्ट्राची बंदी जून २०१८ पासून अमलात आली, पहिला दंड ५,००० रुपये. पण भाजीवालीकडे मायक्रॉन मोजायचं यंत्र असतं का हो? पिशवी जिथे तयार होते तिथेच ती अडवायला हवी. गाडीवाल्याला पकडणं सोपं असतं, एवढंच.

मग ताग का नाही? १९८७ च्या कायद्याने धान्याला तागाची पोती सक्तीची आहेत. सरकार हेच मोठं गिऱ्हाईक. घाऊक पोत्यांची मागणी ठरलेली असताना गिरणीने बाजारच्या पिशवीच्या मागे कशाला लागायचं, असं मला वाटतं.

कापडी पिशवीचंही एक गणित आहे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये हिशेब मांडला: हवामानावरच्या परिणामाच्या बाबतीत, एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीशी बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. आठवड्याला दोन बाजार धरले तर सव्वा वर्ष. समारंभात वाटलेल्या, नाव छापलेल्या नव्या पिशव्या कपाटात साठत असतील, तर हे गणित उलटं फिरतं. जुन्या साडीची शिवलेली पिशवी मात्र या हिशेबात फार पुढे असते, कारण तिचं कापड आधीच वापरून झालेलं असतं.

तमिळनाडूने डिसेंबर २०२१ मध्ये ‘मीण्डुम मंजप्पै’, म्हणजे ‘पुन्हा पिवळी पिशवी’, ही मोहीम काढली. चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात यंत्रात दहा रुपये टाकले की कापडी पिशवी बाहेर येते. घरून पिशवी आणायला विसरणाऱ्यांसाठी ही सोय आहे, आणि विसरणारे आपणच असतो.