‘कॅप्टन व्योम’चा सुरुवातीचा भाग पुन्हा पाहिला!

१९९८ साली दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ ही मालिका लागली की सुरतेतल्या उधन्याच्या आमच्या खोलीत आम्ही भावंडं टीव्हीसमोरून हलत नसू. गोष्टीतलं साल २१२३. अवकाशातल्या तुरुंगातून १२ खतरनाक कैदी पळतात आणि त्यांना पकडायची कामगिरी व्योमवर येते. अख्खी मालिका या एका पलायनावर उभी आहे, म्हणून मला हाच भाग सर्वांत भक्कम वाटतो. संगणकावर केलेली यानं आज खेळण्यातली वाटतील; पण तेव्हा आपल्याकडे असं काही करायला घेणं हीच मोठी हिंमत होती. व्योम झालेला मिलिंद सोमण मराठी, आणि दिग्दर्शक केतन मेहता तर आपल्या सुरतेशेजारच्या नवसारीचे! घरातल्या मुलांना सोबत घेऊन नक्की पाहा.