आधी स्टोअर, मग सॉफ्टवेअर

कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांत संगणक शिरला तो बहुतेक ठिकाणी हिशेबाच्या टेबलावरून. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि टॅली जवळपास सगळ्यांच्या सवयीची झाली. १ ऑगस्ट २०२३पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना व्यापारी ग्राहकांसाठी ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे. अशा प्रत्येक बिलासाठी विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांवरून गणिताने ६४ अक्षरांची खूण तयार होते. बिल क्रमांकातला एक अंक बदला, अख्खी खूण बदलते. चीनमध्येही सुरुवात हिशेबापासूनच झाली. योनयू (१९८८) आणि किंगडी (१९९३) या कंपन्या आधी हिशेबाचं सॉफ्टवेअर विकत आणि उत्पादनाकडे नंतर वळल्या.

आपल्याकडे गाडी अडते ती इथेच, हिशेबाच्या टेबलावरून शॉपफ्लोअरवर जाताना.

ईआरपीच्या, म्हणजे हिशेब, स्टोअर आणि उत्पादन एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, पोटात एक साधी वजाबाकी आहे. अमेरिकेत १९६०च्या दशकात जोसेफ ऑर्लिकी यांनी ती पद्धतशीर मांडली: लागणारा माल वजा हातातला माल, वजा वाटेवरचा माल. समजा, पन्नास पंप करायचे आहेत आणि एका पंपाला आठ बोल्ट लागतात. म्हणजे चारशे. संगणकात तीनशे दिसतात, म्हणून तो शंभर मागवतो. रॅकवर मात्र एकशे ऐंशीच निघतात. पस्तीस पंप बाहेर पडतात, पंधरा अडकतात आणि शिव्या सॉफ्टवेअरला बसतात. वजाबाकी बरोबरच होती, चुकीचा होता तो तिला दिलेला आकडा.

आपल्या भागात हा आकडा सांभाळणं आणखी कठीण, कारण माल एका छताखाली राहतच नाही. कास्टिंग एका फाउंड्रीतून येतं, मशिनिंग दुसरीकडे, प्लेटिंग तिसरीकडे. जॉबवर्कला दिलेला कच्चा माल कायद्याने वर्षाच्या आत परत यावा लागतो, पण चलन मालकाच्या खिशात आणि किती नग स्क्रॅप झाले ते मिस्त्रीच्या डोक्यात. एकाच बोल्टला तीन नावं असतील, तर संगणक त्याला तीन वस्तू समजतो.

पैशांची सबब आता फारशी टिकत नाही. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट मुक्तस्रोत आहे, त्याच्या परवान्याला पैसे पडत नाहीत. खरा खर्च पडतो तो नोंदी नीट करणाऱ्या माणसाच्या वेळेचा, आणि माझ्या मते मालक नेमकी तिथेच काटकसर करतात. स्टोअरकीपरला ‘पोरगा’ समजून दिवसभर इकडेतिकडे पळवलं, तर कुठलंच सॉफ्टवेअर चालणार नाही.

म्हणून उद्योजकांना विनंती आहे: डेमो बघायला बसण्याआधी एका रॅकवरचा माल स्वतः मोजा आणि रजिस्टरशी ताडून पाहा. फरक मोठा निघाला, तर पहिले सहा महिने स्टोअरला द्या आणि सॉफ्टवेअरची खरेदी पुढे ढकला.