फोनवरची ऑर्डर कुठल्या कानाने घेता?

फोनवर ऑर्डर येते "सात किलो", वहीत लिहिलं जातं "साठ किलो". माल तयार, ग्राहक घ्यायला नाही म्हणतो. आपण नेटवर्कला शिव्या घालतो. पण थोडं कारण आपल्या कानातही असतं बरं का.

प्रत्येक कानातला आवाज मेंदूच्या दोन्ही बाजूंना जातो, पण विरुद्ध बाजूला जाणारा रस्ता जास्त दणकट असतो. बहुतेक लोकांचं भाषेचं काम मेंदूच्या डाव्या बाजूला जास्त चालतं. म्हणजे उजव्या कानातला शब्द तिथे जवळजवळ थेट पोचतो, डाव्या कानातला वळसा घालून. १९६१ मध्ये कॅनडात डोरीन किमुरा यांनी लोकांच्या दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकवले. उजव्या कानातले आकडे लोकांनी जास्त बरोबर सांगितले. पुढे त्यांनीच सुरावटी ऐकवल्या, तेव्हा डावा कान पुढे गेला!

हा फरक स्वरांपेक्षा ब, ड, ग अशा व्यंजनांत जास्त दिसतो. आणि "सात" आणि "साठ" यांत वेगळं काय आहे? शेवटचं व्यंजनच.

२००९ मध्ये इटलीतल्या दोन संशोधकांनी नाइट क्लबच्या गोंगाटात अनोळखी लोकांकडे सिगरेट मागून बघितली. उजव्या कानात मागितल्यावर जास्त मिळाल्या. यावरून "उजव्या कानात बोला, सेल वाढवा" असे सल्ले कुणी दिले, तर मला ते पटत नाहीत. सिगरेट मागणं वेगळं, माल विकणं वेगळं. आणि ग्राहकाच्या कानाला लागायला गेलात, तर तो पुन्हा दुकानात येईल का?

फरक तसा छोटाच आहे. शांत खोलीत तो जाणवणारही नाही. दोन्ही कानांवर एकदम आवाज आदळतात तेव्हा तो दिसतो. पण आपलं दुकान म्हणजे तेच ना? मिक्सर, रिक्षांचे हॉर्न, शेजारच्याची गाणी. त्यात उजव्या हाताने लिहायचं म्हणून फोन बहुतेक वेळा डाव्या कानाला! एक आठवडा इअरफोन फक्त उजव्या कानात घालून ऑर्डर घेऊन बघा. उजव्या कानाने कमी ऐकू येत असेल तर अर्थात डावाच वापरा. कान कुठलाही असो, आकडा परत म्हणून दाखवा: "सहा-शून्य, साठ किलो ना काका?"

आणि काउंटरवर एखादे आजोबा मान वळवून एकच कान पुढे करत असतील, तर किमुराबाई विसरा. त्याच बाजूला जाऊन बोला.