काठावरच्या मतांचा फिन्सबरी

ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ कॉमन्स या कनिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत ज्या मतदारसंघात दोन पक्षांचे बळ जवळपास सारखे असते आणि थोडक्या मतांनी जागा इकडची तिकडे जाते, त्याला काठावरचा मतदारसंघ म्हणता येईल. लंडनमधील फिन्सबरी सेंट्रल हे त्याचे ठळक उदाहरण होते. १८८५ च्या फेररचनेत जुन्या, दोन सदस्य निवडून देणाऱ्या फिन्सबरीचे एकसदस्यीय तुकडे झाले आणि त्यांतून हा मतदारसंघ उभा राहिला. घड्याळे बनवणारे कारागीर, छापखान्यांतील कामगार आणि जहाल राजकीय विचारांची जुनी परंपरा यांसाठी ओळखला जाणारा क्लार्कनवेल हा भाग त्याच्या केंद्रस्थानी होता.

पहिली निवडणूक लिबरल पक्षाच्या हॉवर्ड स्पेन्स्ली यांनी जिंकली. मात्र आयर्लंडला स्वराज्य देण्याच्या प्रश्नावर पक्ष फुटला आणि १८८६ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह फ्रेडरिक पेंटन अवघ्या ५ मतांनी निवडून आले. असा निसटता निकाल केवळ लोकमताच्या झुकण्याने लागत नसे. स्त्रियांना मताधिकार नव्हता आणि पुरुषांनाही घर किंवा ठरावीक भाड्याची खोली वर्षभर एकाच जागी राखल्याशिवाय यादीत स्थान मिळत नसे, त्यामुळे कामाच्या शोधात बिऱ्हाड हलवणारा मजूर सहज वगळला जाई. दरवर्षी मतदारयादीची तपासणी करणाऱ्या न्यायालयासमोर दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी आपल्या माणसांची नावे घालण्यासाठी आणि विरोधकांची गाळण्यासाठी झगडत, आणि निवडणुकीचा अर्धा निकाल तिथेच ठरे, असे म्हणणे वावगे होणार नाही.

दादाभाई नौरोजींच्या १८९२ मधील विजयाचे मोल या पार्श्वभूमीवर अधिक जाणवते. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील हे माजी प्राध्यापक १८८६ मध्ये शेजारच्या होबर्न मतदारसंघात पराभूत झाले होते, आणि ब्रिटिश मतदार एका ‘काळ्या माणसाला’ निवडून देण्याइतके पुढे आलेले नाहीत, असा त्या पराभवाचा अर्थ पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांनी १८८८ मध्ये एडिंबरोच्या भाषणात लावला. या अपमानकारक उद्गारामुळे दादाभाईंचे नाव इंग्लंडभर झाले व लिबरल वर्तुळात त्यांच्याविषयी सहानुभूती वाढली. तरीही उमेदवारीवरून स्थानिक लिबरलांमध्ये दीर्घकाळ दुफळी राहिली, आणि ती सोसून लढत राहण्याची चिकाटी हेच त्यांच्या यशाचे खरे कारण मानावे लागेल. मतमोजणीत त्यांना ३ मतांची आघाडी मिळाली. फेरमोजणीत ती ५ वर गेली आणि जागा टिकली.

या ५ मतांचे फळ लहान नव्हते. भारतीय सनदी सेवेची परीक्षा फक्त लंडनमध्ये होत असल्याने समुद्रपार जाण्याची ऐपत नसलेल्या भारतीय तरुणाला वरिष्ठ पदांची दारे बंद होती. ती इंग्लंड आणि भारतात एकाच वेळी घ्यावी, हा ठराव दादाभाई सदस्य असताना जून १८९३ मध्ये सभागृहाने ८४ विरुद्ध ७६ मतांनी संमत केला. सरकारने त्याची अंमलबजावणी केली नाही आणि भारतात ही परीक्षा सुरू व्हायला १९२२ साल उजाडले, ही गोष्ट सभागृहातील बहुमताच्या मर्यादा दाखवणारी आहे.

१८९५ मध्ये लिबरल पक्षाचा देशभर पाडाव झाला, तेव्हा दादाभाईही हरले. १९०६ मध्ये कामगार चळवळीतील विल्यम स्टेडमन यांनी लिबरल पाठिंब्याने ही जागा परत आणली, तर जानेवारी १९१० मध्ये ती मार्टिन आर्चर-शी यांच्या रूपाने पुन्हा कॉन्झर्व्हेटिव्हांकडे गेली. १९१८ च्या फेररचनेत हा मतदारसंघ नाहीसा झाला. मात्र पुढे इस्लिंग्टन साउथ अँड फिन्सबरी या नावाने जो मतदारसंघ झाला, तिथेही १९८३ मध्ये मजूर पक्षाचे क्रिस स्मिथ ३६३ मतांनी, तर २००५ मध्ये त्याच पक्षाच्या एमिली थॉर्नबेरी ४८४ मतांनी निवडून आल्या.