बागेतील एक खोली

घराच्या आवारात, पण घरापासून चार पावले दूर, एखादी लहानशी स्वतंत्र खोली असावी ही इच्छा जुनीच आहे. कोकणातील वाडीत मांगर असे; तेथे अवजारे, गवत आणि प्रसंगी एखादा पाहुणाही सामावून जाई. व्यायामासाठी गावची तालीम होती, जाड भिंतींची, ठेंगण्या दाराची आणि तांबड्या मातीच्या हौद्याची. लिहिण्यावाचण्याचे काम माडीवर किंवा पडवीच्या कोपऱ्यात चाले. या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली आणण्याची गरज मात्र कोणाला फारशी भासली नव्हती. २०२० साली कोरोनाच्या साथीत कार्यालये आणि व्यायामशाळा एकदमच बंद झाल्या, तेव्हा जेवणाच्या टेबलावर कार्यालय आणि दोन पलंगांच्या मधल्या बोळात व्यायाम अशी अनेक घरांची स्थिती झाली. ज्यांच्या घराभोवती थोडी मोकळी जमीन होती, त्यांचे लक्ष मग बागेकडे गेले.

अशी खोली किती लहान असू शकते याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ इंग्लंडमधील एयट सेंट लॉरेन्स या खेड्यात राहत असत. तेथील बागेच्या टोकाला त्यांची लिहिण्याची लाकडी खोली आहे. ती सुमारे आठ फूट लांब आणि तितकीच रुंद. तिची गंमत अशी की ती फिरत्या बैठकीवर उभी आहे. सूर्य सरकला की खोलीला धक्का देऊन तिचे तोंड उन्हाकडे वळवता येई. शॉ यांनी तिचे नाव ‘लंडन’ ठेवले होते, म्हणजे नको असलेल्या पाहुण्याला ‘साहेब लंडनला आहेत’ असे सांगताना घरच्यांना खोटे बोलल्याचा दोष लागू नये!

दुसरे उदाहरण वास्तुशिल्पी ल कार्बुझिए यांचे. चंदीगड नगराची आखणी त्यांच्या हाती आली ती १९५१ मध्ये, आणि त्याच सुमारास फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर रोकब्रून येथे त्यांनी स्वतःसाठी एक झोपडीवजा लाकडी घर आखले. त्याची लांबी-रुंदी ३.६६ मीटर, उंची २.२६ मीटर. ही मापे सहज आलेली नाहीत. हात वर करून उभ्या असलेल्या माणसाची उंची त्यांनी २.२६ मीटर धरली होती आणि तिच्यावरून इमारतींची मापे ठरवण्याची एक पद्धत बसवली होती. घरात स्वयंपाकघर नाही, कारण शेजारीच उपाहारगृह होते. कामासाठी त्यांनी पुढे जवळच एक वेगळी, आणखी लहान खोली उभारली. व्यायाम म्हणजे समोरच्या समुद्रात पोहणे. १९६५ साली त्यांचा मृत्यूही तेथे पोहत असतानाच झाला. २०१६ मध्ये जागतिक वारसा यादीत त्यांच्या ज्या वास्तूंचा एकत्र समावेश झाला, त्यांत चंदीगडच्या विधानसभा-सचिवालयाच्या परिसराबरोबर ही इवलीशी खोलीही आहे.

या उदाहरणांतून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हा खरा प्रश्न आहे. शॉ यांची खोली उन्हाच्या मागे धावत होती, कारण तेथे डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. त्याच दिवशी दिल्लीत तो सुमारे ३८ अंशांवर आणि पुण्यात ४८ अंशांवर असतो. मे महिन्यात तर तो आपल्याकडे जवळजवळ डोक्यावरच येतो. थंड देशांतील बागेतल्या खोल्यांची एक संपूर्ण भिंत काचेची असते; चित्रात ती फार देखणी दिसते. तिचे अनुकरण नागपुरात किंवा हैदराबादेत केले तर मार्च ते जून त्या खोलीत काम होणार नाही, व्यायाम तर नाहीच. आधुनिक दिसण्याच्या हौसेपायी होणारी ही सर्वांत महागडी चूक म्हणावी लागेल. चंदीगडमध्ये खुद्द ल कार्बुझिए यांनीही काचेपुढे काँक्रीटच्या खोल पट्ट्यांची जाळी उभी करून ऊन बाहेरच अडवले आहे.

म्हणून खोलीची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवणे इष्ट. मोठ्या भिंती मग उत्तर आणि दक्षिण या दिशांना येतात. उत्तरेचा प्रकाश शांत आणि स्थिर असतो. कागदावर किंवा संगणकाच्या पडद्यावर त्याची तिरीप येत नाही. दक्षिणेचे ऊन साध्या छज्जाने आवरता येते. समजा, खिडकी १२० सेंटिमीटर उंच आहे आणि तिच्या माथ्यावर ६० सेंटिमीटर पुढे आलेला छज्जा आहे. दिल्लीत जूनच्या दुपारी सूर्य सुमारे ८५ अंशांवर असल्याने सगळी खिडकी सावलीत राहते. डिसेंबरात मात्र वरचे सुमारे ४७ सेंटिमीटरच सावलीत जातात आणि उरलेल्या भागातून हवेसे ऊन आत येते. पश्चिमेला ही युक्ती चालत नाही. मावळतीकडे झुकलेला सूर्य छज्जाच्या खालूनच आत शिरतो. तिकडची भिंत बंद ठेवून तिला आतून कपाटे लावली, तर तापलेल्या भिंतीची धग कपाटांमागेच अडते.

आता आतील मांडणी. ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद खोली घेतली, तर पश्चिमेची कपाटे ४५ सेंटिमीटर जागा खातात. उत्तरेच्या खिडकीखाली ७० सेंटिमीटर रुंदीचे टेबल ठेवले आणि खुर्चीसाठी तिच्यामागे ८० सेंटिमीटर सोडले, तरी दक्षिणेकडे दीड मीटर रुंद आणि साडेतीन मीटर लांब असा मोकळा पट्टा उरतो. सूर्यनमस्कारात हात पुढे पसरून पालथे झोपलेल्या उंच माणसाला सुमारे सव्वादोन ते अडीच मीटर लांबी लागते. ती येथे पूर्वेकडे तोंड करून सहज मिळते. खुर्ची टेबलाखाली सरकवली की पट्टा २.३ मीटर रुंद होतो. एकाच खोलीत दोन कामे बसवण्याचे मर्म येथेच आहे. काम संपल्यावर ज्या वस्तू हलवाव्या लागतात त्या जितक्या कमी, तितका व्यायाम नियमित होतो. रोज टेबल उचलून बाजूला ठेवावे लागले, तर आठवड्याभरात सतरंजी कपाटातच राहू लागेल.

उंचीचा विचार बहुधा उशिरा सुचतो. राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर असावी असे राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. बसून काम करणाऱ्याला ती पुरते. पण सहा फूट उंचीच्या माणसाने हात वर केले की बोटे साधारण पावणेआठ फुटांवर जातात, आणि दोरीच्या उड्या मारताना त्याहून वर. छताचा पंखा लोंबत असतो तोही नेमका त्याच पातळीच्या आसपास. तेव्हा पंखा भिंतीवर बसवावा किंवा टेबलाच्या माथ्यावर घ्यावा, आणि व्यायामाच्या बाजूला छप्पर चढते ठेवावे. चढत्या छपराचा आणखी एक लाभ आहे. गरम हवा वर साठते. उंच भिंतीत माथ्याजवळ झडप आणि समोरच्या भिंतीत खाली खिडकी असली, तर हवा स्वतःच खेळती राहते. एकाच खिडकीच्या खोलीत ती नुसती घुसमटते.

छपरासाठी नुसता पत्रा स्वस्त पडतो, पण तो उन्हात तापतो आणि पावसात वाजतो. दूरध्वनीवरचे बोलणेही ऐकू येत नाही. कौले आणि त्यांखाली लाकडी किंवा तत्सम छत, मध्ये हवेची पोकळी, ही जुनी रचना आजही उत्तम ठरते. जोते जमिनीपासून दीड फूट तरी उंच हवे, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात ओल भिंतीत चढू लागते.

आणि बाग? खोलीसाठी आंबा तोडावा लागला, तर बागेतल्या खोलीला अर्थ कोणता उरला? झाडाजवळ सलग पाया खणल्यास मुळे तुटतात. त्याऐवजी सुट्या खांबांवर खोली उचलून घेतली, तर मुळांना पाणी आणि हवा मिळत राहते. पश्चिमेला झाड असेल तर ते भिंतीपेक्षाही चांगली सावली देते. स्थानिक संस्थेची परवानगी आणि हद्दीपासून सोडावयाचे अंतर यांची चौकशी मात्र पाया आखण्यापूर्वीच करावी. खोली लहान आहे म्हणून नियम सुटत नाहीत.

शेवटी राहते ती घरापासूनची वाट. विजेची तार नळीतून जमिनीखालून न्यावी आणि वरून खडबडीत फरशा बसवाव्यात. गुळगुळीत फरशीवर श्रावणात शेवाळ धरते. दारावर निदान अडीच फुटांची वळचण असावी, म्हणजे छत्री मिटून चपला काढेपर्यंत पागोळ्या अंगावर येणार नाहीत.