बिनतारी संचाची प्रेषण-कंप्रता व ग्रहण-कंप्रता

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधचा तलाव टेकड्यांच्या कोंदणात वसला आहे. हा परिसर व नागझिऱ्याचे अरण्य २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झाले. अशा प्रदेशात एकाच टेकडीच्या दोन अंगांस उभ्या असलेल्या माणसांना हातातील बिनतारी संचावर परस्परांशी बोलता येईलच असे नाही. दोष संचाचा नव्हे. तो तरंगांचा स्वभाव होय.

१५० मेगॅहर्ट्झच्या आसपासच्या तरंगांची लांबी सुमारे २ मीटर असते व ते क्षितिजापलीकडे फारसे वळत नाहीत. आकाशकाच्या मीटरांतील उंचीचे वर्गमूळ ४.१२ ने गुणले असता रेडिओ-क्षितिजाचे अंतर किलोमीटरांत मिळते. दीड मीटरावर धरलेल्या संचाचे क्षितिज ५ किलोमीटरांवर येते; म्हणजे तशा दोन संचांत, सपाट भूमीवरही, मर्यादा १० किलोमीटरांची. साग, ऐन व बांबू ह्यांच्या दाटीत तीही बरीच आक्रसते. उलट, आसमंतापेक्षा १०० मीटर उंच माथ्यावरील आकाशकाचे क्षितिज ४१ किलोमीटरांपर्यंत पोहोचते. म्हणूनच माथ्यावर पुनःक्षेपक, म्हणजे ज्यास व्यवहारात रिपीटर म्हणतात तो, उभारतात.

पुनःक्षेपकास ऐकणे आणि तेच बोलणे ही दोन्ही कामे एकाच क्षणी करावी लागतात. त्याचे प्रेषण २५ वॅट शक्तीचे धरले आणि त्याच्या ग्राहीस ०.२ मायक्रोव्होल्टचा क्षीण संकेत टिपावयाचा असला, तर ५० ओहम रोधात त्या संकेताची शक्ती सुमारे ८×१०⁻¹⁶ वॅट भरते. दोहोंचे गुणोत्तर तीनावर सोळा शून्ये इतके प्रचंड आहे! एकाच कंप्रतेवर हे घडविणे अशक्य. स्वतःच्या आवाजानेच यंत्र बहिरे होईल. म्हणून दोन कंप्रता घ्यावयाच्या व अनुनादी कोष्ठांच्या साहाय्याने त्या अलग राखावयाच्या. शासकीय यंत्रणांच्या कंप्रता येथे देण्याचे प्रयोजन नाही. भारतात परवानाधारक हौशी प्रेषकांसाठी राखलेल्या १४४ ते १४६ मेगॅहर्ट्झ पट्ट्यात हे अंतर बहुधा ६०० किलोहर्ट्झ असते.

समजा, पुनःक्षेपक १४५.७०० वर बोलतो व १४५.१०० वर ऐकतो. संचावर प्रथम १४५.७०० ही ग्रहण-कंप्रता घालावी, अंतर ०.६०० ठेवावे, दिशा ऋण निवडावी आणि हे सर्व एखाद्या स्मृति-स्थानात साठवावे. घोटाळा होतो तो दृष्टिकोनाचा: पुनःक्षेपकाचे 'ग्रहण' ते संचाचे 'प्रेषण'. कोष्टक कोणाच्या बाजूने लिहिले आहे हे पाहिल्याविना आकडे उतरविणे धोक्याचे.

आता दिशा निवडावयाची राहिली, आणि दोन्ही कंप्रता १४५.७०० च राहिल्या, तर काय होईल? पुनःक्षेपकावरून येणारे सर्व संभाषण स्वच्छ ऐकू येईल. बोलणाऱ्याचा आवाज मात्र पुनःक्षेपक ऐकतच नाही अशा कंप्रतेवर जाईल. विशेष फसवे असे की, ठाण्याच्या आवारात चाचणी घेतल्यास शेजारचा सहकारी तो आवाज थेट ऐकून उत्तर देतो आणि संच निर्दोष असल्याची सर्वांची खात्री पटते! वणवा लागलेला दिसल्यावर, टेकडीपलीकडून हाक दिली जाते तेव्हाच हे मौन उघडकीस येते. तोपर्यंत पहारेकऱ्याने दिलेली हाक कोणाच्याही कानी पडलेली नसते.

सबब चाचणी थेट संपर्क अशक्य अशा जागेवरून घ्यावी. बोलण्याचे बटण सोडल्यावर बहुतेक पुनःक्षेपकांचा वाहक-तरंग क्षणभर चालूच राहतो. ग्राहीत त्याची चाहूल लागली, तर आवाज माथ्यावर पोहोचला असे समजावे. चाहूल न लागल्यास दिशेबरोबर संकेत-स्वरही तपासावा. अनेक पुनःक्षेपक ६७ ते २५४.१ हर्ट्झमधील ठरावीक स्वर, मानवी बोलण्याखाली दडवून आलेला, असेल तरच उघडतात. स्वर चुकला तरी लक्षण तेच: ऐकू येते, ऐकविता येत नाही.

ह्याखेरीज दोन्ही कंप्रता समान असलेले एक स्मृति-स्थान मुद्दाम राखावे. नाल्याच्या खोलगट पात्रातून माथा गाठता येत नाही, परंतु अर्ध्या किलोमीटरावरील सोबत्याशी तेवढ्यावर सहज बोलता येते.