नेत्रगतीचे विकार आणि मेंदूचे चित्रण

वाचताना आपली दृष्टी ओळीवरून अखंड सरकत नाही. एका शब्दावर क्षणभर स्थिरावून ती पुढील शब्दावर झेप घेते. मोठ्या झेपेचा वेग सेकंदास ४०० अंशांच्याही वर जातो. ही झेप मंदावली असता विकृती मेंदूत कोठे आहे हे कसे ओळखावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विषयातील एक मूलभूत कार्य महाराष्ट्रात झाले आहे. मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी डॉ. स्वामी यांच्यासह १९७१ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांतील एका आनुवंशिक विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. रुग्णांचा तोल जाई आणि त्यांच्या नजरेची झेप विलक्षण मंद असे. या वर्णनाशी जुळणाऱ्या विकाराचे (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार २) जनुक १९९६ मध्ये बाराव्या गुणसूत्रावर सापडले.

योगायोग असा की, १९७१ मध्येच लंडन येथे रुग्णाच्या मेंदूचे पहिले सी.टी. चित्र घेण्यात आले. त्यानंतर आलेल्या एम.आर.आय. चित्रणात या विकाराच्या रुग्णांचा लहान मेंदू व मस्तिष्कस्तंभातील ‘पॉन्स’ हा भाग आकसलेला दिसतो. आडव्या झेपेस चालना देणाऱ्या पेशी याच भागात असतात. उभ्या झेपेच्या पेशी त्याच्या वर, मध्यमस्तिष्कात. लक्षण आणि चित्र यांचा मेळ येथे उत्तम बसतो.

तथापि चित्रणाच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. कार्यदर्शक एम.आर.आय. पेशींचे कार्य प्रत्यक्ष टिपत नाही. रक्तातील प्राणवायूच्या बदलावरून ते अनुमानिले जाते. हा बदल शिगेस पोहोचण्यास सुमारे पाच सेकंद लागतात. झेप मात्र बहुधा सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत संपलेली असते. शिवाय क्यूबातील होल्गिन प्रांतात, जेथे हा विकार विशेष आढळतो, केलेल्या मोजमापांत तोल जाऊ लागण्यापूर्वीच जनुकवाहकांची झेप मंदावल्याचे दिसून आले आहे.

हा विकार बरा करणारा उपचार अद्याप नाही, आणि रुग्णाच्या प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव निम्मा असतो. म्हणून कुटुंबास वेळीच सल्ला मिळणे अगत्याचे ठरते. मेळघाटातील प्राथमिक आरोग्य केंद्रात एम.आर.आय. यंत्र नसते, परंतु रुग्णासमोर दोन बोटे धरून, आळीपाळीने एकीकडून दुसरीकडे पाहावयास सांगणे तेथेही शक्य आहे. चित्रण कोणाचे करावे, याचा निर्णय पुष्कळदा या साध्या परीक्षेवरूनच होतो.